'करमत नाही' : खिन्नतेच्या बोली शब्दांविषयी

इयत्ता नववीच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'आजोबा गेल्यापासून माझा मूड ऑफ आहे.' मी शिरस्त्याप्रमाणे तांबड्या शाईने ते शब्द खोडून वर 'मी खिन्न आहे' असे लिहिले. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला व म्हणाला, "सर, खिन्न नाही, नुसतं करमत नाही." या दुरुस्तीपुढे माझी दुरुस्ती फिकी पडली.

मनाच्या उतरत्या अवस्थेला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. विषण्ण, उद्विग्न हे ग्रंथांतले. खट्टू, मलूल, हिरमुसलेला हे घरातले. पैकी हिरमुसणे हे मुलांचेच. मोठ्यांना लावले की त्यात थोडे हसू मिसळते. 'सुतकी चेहरा', 'तोंड पाडून बसणे' यांत तर पाहणाऱ्याचा वैतागच अधिक. दुःखिताची स्वतःची बाजू सांगते ते 'करमत नाही'. तेथे 'मी' नसून 'मला' आहे. दुःख मी केलेले नाही, ते मजकडे आलेले आहे. (आमच्या माळव्यात मुले 'मन लागून नाही राहिलं' असेही म्हणतात, हिंदीच्या शेजाराची ही देणगी मला परकी वाटत नाही.) याच क्रियापदापासून 'करमणूक' झाली व हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये त्या नावाचे साप्ताहिक काढले. न करमण्याचे मात्र नाम झाले नाही. मुले 'मूड ऑफ' उसना आणतात तो या रिकाम्या जागी.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आपल्या उदासीला भारदस्त नाव देत नाही. 'वगैरे' व 'उदाहरणार्थ' या क्षुल्लक शब्दांची त्याला सवय आहे. विद्यार्थिदशेत मी तो गबाळेपणा समजलो होतो. बहीण मनी गेल्यानंतरचा भाग पुढे पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की, विधान पुरते करण्याचे बळ नसलेला माणूस 'वगैरे'च्या आड उभा राहतो. तेथे संस्कृत शब्द आला असता तर शोक नटला असता.

सगळीच बोली निर्दोष आहे, असे नव्हे. 'डिप्रेशन' हे आजाराचे नाव. दोन गुण कमी पडले की मुले ते वापरतात, आणि मग ज्याला खरोखर उपचार हवेत त्याचे बोलणेही आपण थट्टेवारी नेतो. येथे शिक्षकाने जरूर हटकावे. पण हटकताना 'खिन्न' पुढे करू नये. त्या मुलाला मी एवढेच विचारले, "करमत नाही का रे?" सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तो आजोबांविषयी बोलत होता.