चोरांची बेरीज

आमच्या बँकेत दिवसाखेर चार रुपयांचा फरक आला तरी कोणी जागचं हलत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेडकॅशियरना भाबडेपणानं विचारलं होतं, "साहेब, मी माझ्या खिशातले चार रुपये टाकू का?" मी बंदूक घेऊन तिजोरीसमोर उभा असावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फरक भरायचा नसतो, शोधायचा असतो," ते म्हणाले. त्या वाक्यावर माझी वीस वर्षं नोकरी झाली. परवा त्याच वाक्यानं मला विकिपीडियावर नेऊन उभं केलं.

त्याचं असं झालं, भाचीला कोचीत नोकरी लागली. पेढे यायच्या ऐवजी दाजी आले, हातात मोबाइल. "हे बघा, ज्ञानकोशात छापलंय! लाखामागे गुन्ह्यांत केरळ पार वर आणि बिहार खाली. पोरीला कोचीला धाडू? त्यापेक्षा पाटण्याला नोकरी बघतो." ताईनं डोळ्याला पदर लावला. "तू बँकेत आहेस, तुला आकड्यांतलं कळतं," ती म्हणाली. बी. कॉम. झालेल्या माणसाला नातेवाईक कधी कुठे गाठतील याचा नेम नाही.

आता ज्ञानकोशाविषयी. हा २००१ साली निघाला, मराठीत २००३ साली आला. यात कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. म्हणजे अशी बँक, जिथे येणारा प्रत्येक जण काउंटरच्या आत येऊन लेजरमध्ये लिहून जातो! आमच्या हिशेबानं अशी बँक दुपारच्या चहापर्यंत बुडायला हवी. पण बुडत नाही, कारण प्रत्येक खाडाखोड 'इतिहासा'त राहते: कोणी केली, कधी केली, आधी काय होतं. आमच्याकडेही खाडाखोडीवर सही लागते. एवढ्यापुरते पैकीच्या पैकी मार्क.

तक्रार पुढे आहे. एकाच राज्याचे गुन्हे मी तीन पानांवर पाहिले, तर तीन आकडे. बरं, तिघांच्याही पायाशी संदर्भ. मला एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं. बाही सरसावून फरक शोधायला बसलो. एक आकडा जुन्या सालातला निघाला. कोणीतरी एका पानावर नवा घातला आणि बाकीची पानं विसरला. दुसऱ्यात फक्त दंड संहितेखालचे गुन्हे होते, तिसऱ्यात दारूबंदी, जुगार असले विशेष आणि स्थानिक कायद्यांखालचेही मिळवलेले. तिन्ही आकडे खरे आणि तिन्ही एकमेकांना खोटे पाडणारे!

मूळ वही राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोची. तिचं वार्षिक पुस्तक १९५३ सालापासूनचं, ब्युरो मात्र १९८६ चा. या वहीचे काही नियम आहेत. एकाच फिर्यादीत खून, दरोडा आणि मारहाण असेल तर मोजायचा फक्त सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे खून. दरोडा हिशेबातून निसटतो. २०१५ पर्यंत मोठी शहरं म्हणजे दहा लाखांवरची ५३. २०१६ पासून वीस लाखांवरची १९. हे न सांगता दोन सालं शेजारी मांडली, की रातोरात ३४ शहरांतले चोर सज्जन झाले असं वाटतं. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं, तेव्हा आंध्रचा आकडा घटला. त्यात आंध्रच्या चोरांचं कर्तृत्व काही नाही, वाटणी झाली.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडात हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं रोगी मारले. त्यातले १७२ खून २००२-०३ या एकाच वर्षाच्या खात्यावर पडले, कारण नोंद तेव्हा झाली. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ चे बळी एफबीआयनं त्या वर्षीच्या खुनांच्या नेहमीच्या बेरजेत धरलेच नाहीत, वेगळे दाखवले. दोन्ही निर्णयांना कारणं आहेत. पण ती तळटीप गाळून कोणी नुसता आलेख काढला, तर इंग्लंड एक वर्ष वेडं झालं होतं आणि न्यूयॉर्कात विशेष काही घडलं नव्हतं, असं दिसेल.

म्हणून माझं या संपादक मंडळींना सांगणं आहे, की बाबांनो, सुसंगती म्हणजे सगळे आकडे सारखे करणं नव्हे. पासबुक आणि लेजर जुळलं तरी पैसे गेलेले असू शकतात. आकडा एकाच ठिकाणी लिहावा आणि बाकीच्या पानांनी तिथून उचलावा. त्याची सोयही विकिडेटा नावानं २०१२ पासून आहे. पण आकड्याबरोबर त्याचं साल, त्याचा कायदा आणि 'लाखामागे' म्हणजे कुठल्या जनगणनेचे लाख, हेही उचलावं. २०२१ ची जनगणना तर त्या साली झालीच नाही. भागाकार २०११ वरून काढलेल्या अंदाजानं चालू राहिला.

आता दाजी. त्यांना मी २०२२ सालचा खुनांचा रकाना दाखवला: केरळ लाखामागे एकाहून कमी, बिहार दोनाहून जास्त. खून लपवणं अवघड, कारण प्रेत राहतं. पाकिटाला प्रेत नसतं. तेव्हा एकूण गुन्ह्यांत केरळ वर दिसतं, त्यात तिथे फिर्याद लिहून घेतात याचाही वाटा असणार. दाजी म्हणाले, "मग हे तिथं लिहिलेलं का नाही?"

प्रश्न रास्त होता. मी त्या रात्री तक्त्याखाली टीप लिहिली. तासाभरात कोणीतरी खोडली: 'संदर्भ हवा.' आधी संतापलो, मग बरं वाटलं. अखेर व्हाउचर मागणारा भेटला! नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच असं समजू नका, असं ब्युरोनं स्वतःच आपल्या अहवालात बजावलंय. ते जोडलं. टीप अजून टिकून आहे.

भाची गेली. महिन्याभरात फोन. "मामा, माझा मोबाइल चोरीला गेला. पण चौकीत बसवून घेतलं, चोरीचा गुन्हा नोंदवला, कागदसुद्धा दिला."

"छान!" मी म्हणालो. पलीकडे ताई होती, ती भडकली. तिला कसं सांगणार? दोन वर्षांपूर्वी माझं पाकीट भर बसमध्ये कापलं. खिशाला ब्लेडची चीर होती, ती मी दाखवलीही. आमच्या इथल्या चौकीत मला दाखला मिळाला: 'गहाळ'. त्या वर्षीच्या वहीत माझा चोर नाही, मीही नाही. केरळ एका मोबाइलनं आणखी वाईट ठरलं आणि आमचं गाव अजून सज्जन आहे.