यवतमाळचा घरखर्च आणि एंगेलचे सूत्र

उत्पन्न वाढले की कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल याने 1857 मध्ये मांडलेले सूत्र होय. अभ्यासक पुष्कळदा ते उलटे वाचतात : वाटा घटला, त्या अर्थी सुबत्ता आली. ग्रामीण भारतात हा वाटा 1999-2000 मध्ये 59.4 टक्के होता. 2022-23 च्या पाहणीत तो सुमारे 46 टक्के भरला. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात या उताराचा अर्थ इतका सरळ नाही.

घरच्या ज्वारीचे मूल्य पाहणीत शेतावरील भावाने धरले जाते, विकतच्या धान्याचे दुकानातील भावाने. ज्वारीची जागा कापूस-सोयाबीनने घेतली, की ताट तेच राहूनही अन्नखर्च फुगतो. (ज्वारीबरोबर कडबाही जातो, पण विकतची वैरण ही घरखर्चात मोडत नाही.)

शिधावाटपाने हा घोटाळा अधिकच वाढविला आहे. यवतमाळसह 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून 2 रुपये किलोने गहू व 3 रुपये किलोने तांदूळ मिळे. 2023 मध्ये त्याऐवजी दरमहा माणशी 150 रुपये रोख देण्याचे ठरले. उलट अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी 2023 पासून मोफत झाले. शेजारच्या दोन घरांत सारखेच शिजत असता एकाचा अन्नखर्च वाढावा व दुसऱ्याचा घटावा, असा हा प्रकार. 2022-23 च्या पाहणीने ग्रामीण दरडोई मासिक खर्चाचे दोन आकडे दिले : मोफत वस्तूंचे मूल्य न धरता 3,773 रुपये, धरून 3,860. हा प्रामाणिकपणा स्तुत्य खरा; पण चर्चेत फिरतो तो बहुधा पहिलाच आकडा.

याहून गंभीर आक्षेप छेदाविषयीचा आहे. अन्नावरील खर्च जेथल्या तेथे राहून दवाखान्याचे बिल वाढले, तरी अन्नाचा वाटा घटतो. ते बिल सावकाराकडून उचल घेऊन भागविले असेल, तर घटलेला वाटा सुबत्तेचा नव्हे, ओढगस्तीचा निदर्शक ठरतो. कोष्टकात बिल येते, व्याज येत नाही. बियाणे-खतांची उधारीही येत नाही, कारण ती शेतीचा खर्च. वस्तुतः कापूस विकून आलेल्या एकाच रकमेतून कृषी केंद्राची बाकी, मुलांची फी आणि किराणा ही सारी भागवावयाची असतात. 2006 मध्ये पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजात थकीत कर्जावरील व्याजाची माफी होती. म्हणजे ज्या बोजाची दखल शासनाला घ्यावी लागली, त्याला घरखर्चाच्या कोष्टकात रकानाच नाही.