उलट्या बाजूचं चित्र

रंगवून झालेली बॉडी पहिल्यांदा दिसते ती तिच्या सगळ्यात कुरूप अवस्थेत. आतून शेवटचा काळा हात मारलेला, तव्याच्या बुडासारखा. बाहेरून कंपनीने लावून दिलेली पातळ फिल्म, तिच्यावर उडालेल्या रंगाची धूळ, बोटांचे ठसे, टेपचा चिकटा. चार संध्याकाळी घालवून हे काय करून बसलो, असं वाटतं. मग मागच्या चाकाच्या कमानीपाशी फिल्मचं टोक नखाने सुटं करायचं आणि सावकाश ओढायचं. खालून जे निघतं ते ओलं असल्यासारखं चमकत असतं. वर ना वॉर्निश, ना पॉलिश. रंगाच्या पुढे जेमतेम एक मिलिमीटर पारदर्शक प्लॅस्टिक आहे, तेच त्याचं वॉर्निश.

रिमोटवर पळणाऱ्या गाडीची अशी एक बॉडी आत्ता माझ्या टेबलावर आहे. १/१० मापाची टूरिंग कार, १९० मिलिमीटर रुंद. नाक काळं, बॉनेटवर येताना लाल, दारांपाशी नारिंगी, शेपटाकडे भर पिवळी. काळं कुठे संपलं आणि लाल कुठे लागलं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हौशी मंडळी याला ‘फेड’ म्हणतात. नवा माणूस एअरब्रश घ्यायला निघतो तो बहुधा असला फेड बघूनच. स्प्रेच्या डब्याने सगळं होतं, एवढं मात्र नीट जमत नाही. म्हणून कुठला एअरब्रश घ्यावा असं कुणी विचारलं, की मी आधी ही बॉडी त्याच्या हातात देतो. ती वाचता आली तर अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

वाचायची ती बाहेरून आत. डोळ्याला सगळ्यात जवळचा थर काळ्याचा, आणि रंगवणाऱ्याने पहिला मारलेला हातही तोच. त्याच्या मागे लाल, त्यामागे नारिंगी, मग पिवळा. त्यामागे पांढरं अस्तर, आणि शेवटी प्रकाश आरपार येऊ नये म्हणून काळा. कागदावरच्या किंवा भिंतीवरच्या कामात शेवटचा हात वर राहतो, इथे पहिला. कागदावर चूक झाली तर वरून झाकता येते. इथे पहिल्या हाताला जे झालं ते कायमचं पुढे बसतं, आणि मागून कितीही सारवासारव केली तरी ते दिसत राहतं.

ही उलटी चाल आपल्याला अगदीच परकी नाही. तंजावरची काचचित्रं याच रीतीने होत. चित्रकार काचेच्या मागच्या बाजूने बसे. आधी डोळ्यांच्या रेघा, नथ, बाजूबंद, मग अंगाचा रंग, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. दागिने झळकावेत म्हणून मागून बेगड लावत. आमच्या या छंदात बेगडीची जागा चंदेरी रंगाने घेतली आहे. पारदर्शक लाल मारायचा आणि त्यामागे चंदेरी अस्तर द्यायचं, की लाल आतून पेटल्यासारखा दिसतो. त्याच लालामागे काळं दिलं तर तो विझतो. फ्लोरोसंट रंगांना पांढरंच अस्तर लागतं, नाहीतर ते मळकट पडतात. आरशासारखा क्रोम रंग मिळतो, त्याला मात्र मागे काळं हवं. अस्तर ही लपवायची गोष्ट असावी असा समज असतो. इथे अर्धा रंग अस्तराचाच असतो.

पेणच्या गणपती कारखान्यांतही मूर्तीचं अंग कॉम्प्रेसरच्या हवेवर रंगतं, आणि डोळ्यांची आखणी कुंचल्याने अगदी शेवटी होते. या गाड्यांवर दिवे हाताने रंगवायचे म्हटलं तर सुरुवात डोळ्यांपासून. पेणचा कारागीर या टेबलाशी बसला तर त्याचा हात आपल्याहून शंभरपट तयार असेल, पण पहिले दोन दिवस तोही चुकेल.

आता भिंग. काळ्या-लालाच्या सीमेवर धरलं की कळतं, फेड म्हणजे मुळात मिसळण नव्हेच. काळे कण आहेत, आधी दाट, मग विरळ, मग एकटेदुकटे. त्यांच्या फटींतून मागचा लाल दिसतो आणि मिसळण्याचं काम आपला डोळा करतो. या बॉडीच्या डाव्या बाजूला हे कण पिठीसाखरेसारखे आहेत. उजव्या बाजूला मात्र रव्याएवढे होतात, एकदोन ठिकाणी तर मोहरीएवढे. मला माहीत आहे तिथे काय झालं. सुईच्या टोकावर रंग वाळून बसला होता आणि मी तो पुसायचा आळस केला. रंग अडला, मग एकदम थुंकला. पहिला हात असल्यामुळे ती थुंकी आता कायम पुढच्या रांगेत.

हे कण कशातून निघतात? एअरब्रशच्या तोंडाशी बारीक नोझल असतं आणि त्यात सुई बसवलेली. सुई मागे सरकली की तिच्याभोवती फट पडते. भोवतालून वेगाने जाणारी हवा त्या फटीतून रंग ओढते आणि त्याचे तुषार करते. डबल ॲक्शन प्रकारात ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. पेटीवाल्याचे भाता आणि पट्ट्या असे दोन हात इथे एका बोटात आले आहेत. सिंगल ॲक्शनमध्ये रंग किती सुटायचा ते आधीच ठरवून ठेवायचं, बोट फक्त हवा सोडतं. शिकाऊ माणसाने सोपं ते घ्यावं असा सल्ला मिळतो. पाश कंपनीचा जुना, दणकट, सिंगल ॲक्शन ‘एच’ वर्षानुवर्षं खपतो तो त्यामुळेच, आणि धुवायला तो खरंच सोपा आहे. पण फेड म्हणजे चालत्या हातात रंग कमी-कमी करत जाणं. ते बोटाने जमवायचं असेल तर बोटाला ती मुभा हवी. पहिला आठवडा त्रास होईल. मी तरी डबल ॲक्शनच सांगेन.

नोझलच्या बाबतीत नवा माणूस हमखास फसतो. जितकं बारीक तितकं भारी, असं त्याला वाटतं आणि तो ०.२ मिलिमीटरचा घेऊन येतो. ०.२ ची कामं वेगळी, चित्रातल्या पापण्या, केस. आपल्याला वीतभर रुंदीची, दोन वितींहून लांब बॉडी भरायची आहे, आणि तीही कधीकधी मोतिया किंवा धातूच्या रंगाने, ज्यात चकाकणारा भुगा असतो. तो भुगा ०.२ मध्ये अडकतो, माणूस सुई उपसतो, पुसतो, परत घालतो, आणि तिसऱ्या खेपेला सुईचं टोक वाकवतो. ०.३५ ते ०.५ हा या कामाचा पल्ला. इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस ०.३५ चा आहे, बॅजरचा पेट्रियट १०५ नेहमीच्या रूपात ०.५ चा. दोन्हींत रंगाची वाटी वर असते, रंग आपल्या वजनाने उतरतो, म्हणून कमी दाबावर आणि थोड्या रंगावर भागतं. एक्लिप्सची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याचं नोझल आट्यांनी पिळून बसवावं लागत नाही, नुसतं ठेवायचं आणि वरून टोपण फिरवायचं. माझ्या पहिल्या, बिननावाच्या स्वस्त एअरब्रशचं नोझल तांदळाच्या कणीएवढं होतं आणि त्याला नखाच्या कडेएवढ्या आट्या होत्या. पान्याने ‘जरा घट्ट’ करायला गेलो आणि ते आत तुटून राहिलं. स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण त्याची सुई आणि नोझल सुटी मिळतात का, हे आधी विचारावं. मी विचारलं नव्हतं.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. छोटी का होईना, टाकी असलेला घ्यावा, नाहीतर हवा नाडीसारखी ठोके देत येते आणि ते ठोके रंगात उमटतात. हवेतलं पाणी अडवणारी बाटली हवीच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत ती नसेल तर रंगाऐवजी पावसाचे थेंब उडतात. दाब २० ते ३० पीएसआयच्या आसपास ठेवून सुरुवात करावी, आणि रंग दुधाइतका पातळ.

रंगाची गोष्ट प्लॅस्टिकपासून सुरू होते. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रिमोट गाडी काढली, पोर्शे ९३४. तिची बॉडी कडक स्टायरिनची होती, बाहेरून रंगवायची. १९८४ ची ‘हॉर्नेट’ बग्गी आली ती पॉलिकार्बोनेटची बॉडी घालून. पॉलिकार्बोनेट १९५३ साली दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी सापडलं, जर्मनीत बायरच्या हेर्मान श्नेलला आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सला. जनरल इलेक्ट्रिकने त्याला लेक्सन हे नाव दिलं, आणि छंदी लोक आजही कुठल्याही कंपनीच्या बॉडीला लेक्सनच म्हणतात. भिंतीवर आदळलं तर स्टायरिन तडकतं. लेक्सन वाकतं आणि परत जागेवर येतं. त्याच्यावरचा रंगही त्याच्याबरोबर वाकला पाहिजे. रंग निवडताना एवढाच एक प्रश्न खरा, बाकी छटांच्या आवडीनिवडी.

तामियाचे दोन डबे दुकानात शेजारी-शेजारी उभे असतात, पीएस आणि टीएस. दिसायला सख्खे भाऊ. पीएस पॉलिकार्बोनेटसाठी, टीएस स्टायरिनसाठी. टीएस लेक्सनवर मारला तर कपाटात ठेवेपर्यंत सुरेख दिसतो. पहिल्या टकरीला पोपडे सुटतात आणि गाडी कात टाकल्यासारखी होते. पीएसमधलं द्रावक लेक्सनला किंचित चावतं, म्हणून तो रंग धरून बसतो. याच कारणासाठी तो एकदम जाड मारू नये. ओघळ तर येतातच, शिवाय ओल्या द्रावकात भिजत राहिलेलं प्लॅस्टिक कडक होऊन पुढे चिरतं. तीन-चार पातळ हात, मध्ये सुकायला वेळ.

एअरब्रशसाठी मी पाण्यात पातळ होणारे रंग धरतो, क्रिएटेक्सचे ‘विकेड’ किंवा त्या जातीचे. फ्लॅटच्या गॅलरीत काम करणाऱ्याला वास ही मोठी गोष्ट असते, शेजारी असतात. पण या रंगांना चावायला दात नाहीत, त्यामुळे त्यांची मदार स्वच्छतेवर आणि उबेवर. बॉडी आधी भांडी घासायच्या साबणाने आतून धुवायची, कोरडी करायची आणि मग आत बोट लावायचं नाही. प्रत्येक पातळ हातानंतर हेअर ड्रायर फिरवायचा. हीट गन नको, तिने बॉडीच वाकडी होते. माझी तडजोड अशी की फेड आणि आकृत्या एअरब्रशने, पाण्याच्या रंगात, आणि ते पूर्ण सुकल्यावर मागचं अस्तर पीएसच्या डब्याने, अगदी धुक्यासारखं. डबा उघड्यावर, तोंडाला वाफ गाळणारा मास्क लावून. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडोत.

आणि क्रम. गडद आधी, फिका नंतर. पिवळ्याचं अंग पातळ असतं. त्याच्या मागे चुकून काळा उडाला की पिवळा आजारी माणसासारखा दिसतो. काळा आधी पुढे बसला असेल तर मागून पिवळा कितीही उडो, काळ्याला त्याची दादही नसते. खिडक्या पारदर्शक राहाव्यात म्हणून आतून पट्ट्या चिकटवायच्या आणि त्यांची कड टूथपिकने दाबत यायची. या बॉडीच्या मागच्या काचेच्या कोपऱ्यात पिवळ्याची केसाएवढी जीभ आत शिरली आहे. तिथे टूथपिक पोचली नव्हती. कड दाबल्यावर आधी एक फसफसता, जवळजवळ कोरडा हात मारून ती बंद करून घ्यायची असते, मग रंग आत जात नाही. हे मी नंतर शिकलो. जीभ राहिली.

एवढं सगळं सांगून झालं की समोरचा विचारतो, दारावर आकडा का नाही? या बॉडीवर नाही, कारण तो पहिलीवर आहे. ती वरच्या फळीवर असते, सहसा मी काढत नाही. निळी, चंदेरी अस्तराची. त्या निळ्याला अजूनही तोड नाही असं माझं मत आहे. दारांवर पांढऱ्यात सत्तावीस घालायचे होते. विनाइलचे इंग्रजी आकडे आणले, आतून नीट, ओळीत, सुलटे चिकटवले. निळा मारला, आकडे सोलले, त्या जागी पांढरा भरला. फिल्म ओढली तेव्हा दोन्ही दारांवर सत्तावीस उलटे होते, आधी पाठमोरा सात, मग पाठमोरा दोन. काचचित्रवाले नथ कुठल्या नाकपुडीत घालायची याचा विचार आधी करत असणार. माझ्या डोक्यातही आलं नाही.

तशीच पळवली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरचा मुलगा ती बघायला आला. बराच वेळ उकिडवा बसून होता. मग म्हणाला, “काका, ही ॲम्ब्युलन्स आहे का? पुढच्या गाडीवाल्याने आरशात वाचायची?”