भुंगेरा सोडला, गवत संपले?

मनोरीतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही 'गाजरगवताचा नैसर्गिक शत्रू' हा तक्ता पाहिला. चित्रे सुबक होती, मुलांचे कष्ट दिसत होते. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला मेक्सिकन भुंगेरा आणि खाली ओळ: 'भुंगेरा सोडा, गवत संपवा.' आमची तक्रार या ओळीबद्दल आहे. दोष मुलांचा नाही. आपण शिक्षक हा विषय एका वाक्यात उरकतो, त्याचे हे फळ आहे.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात त्याची नोंद १९५५च्या सुमारास झाली. मायदेशी त्याला खाणारे कीटक आहेत. ते इथे आले नाहीत, म्हणून ते फोफावले. इथवर तक्ता बरोबर आहे. १९८३ मध्ये झायगोग्रामा हा भुंगेरा मेक्सिकोहून बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत आणला गेला. तो आपली पिके खातो का, हे तपासल्यावरच १९८४ मध्ये शेतांत सोडला. ही तपासणी हाच या पद्धतीचा गाभा, आणि तक्त्यात नेमकी तीच गळली आहे.

तपासूनही काळजी सुटली नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसले आणि मोठा वाद झाला. पानांवर गाजरगवताचे परागकण पडले असतील, तर भुंगेरा ती पाने खाऊ लागतो, असे अभ्यासात आढळले. नुसत्या सूर्यफुलावर त्याची वंशवाढ टिकत नाही. पण समजा टिकली असती, तर? सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही.

'संपवा' हा शब्दही चुकीचा आहे. भुंगेरा पावसाळ्यात पाने फस्त करतो, कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो. मातीतले बी शिल्लक राहतेच. शिवाय गवत पार नाहीसे झाले, तर भुंगेराही उपाशी मरेल. नियंत्रण म्हणजे समूळ नाश नव्हे.

तक्त्याच्या जोडीला निवडुंगाची गोष्ट सांगता आली असती. लाल रंग देणारा कीटक समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून भलताच कीटक भारतात आला. त्याने निवडुंगाची एक जात फस्त केली. दुसरीला तोंडही लावले नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून निराळा कीटक आणावा लागला. शत्रू म्हणजे कोणाचा शत्रू, हे त्यातून मुलांना चटकन उमगते.

पुढच्या पावसाळ्यात शाळेजवळची पाच झाडे निवडावीत आणि दर आठवड्याला खाल्लेली पाने मोजावीत. गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हात लावू नये. भुंगेरे बाहेरून आणून सोडू नयेत. एकही भुंगेरा दिसला नाही, तर तेही वहीत लिहावे. ती नोंद 'संपवा' या शब्दापेक्षा अधिक खरी असेल.