प्रहसनातील वैद्य आणि ‘ग्राम चिकित्सालय’

वैद्य हा विनोदाचा विषय व्हावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयात नवी नाही. विक्रमाच्या नवरत्नांत उज्जयिनीच्या परंपरेने धन्वंतरीला मानाचे आसन दिले. परंतु श्यामिलकाच्या ‘पादताडितक’ या भाणात, ज्यातील सार्वभौमनगर म्हणजे उज्जयिनीच असे अभ्यासक मानतात, गणिकांच्या वस्तीतून हिंडणाऱ्या विटाला बाह्लिक देशाचा एक वैद्य भेटतो आणि त्याच्या थट्टेचा धनी होतो. सभेतील वैद्य पूज्य आणि रस्त्यावरील वैद्य हास्यास्पद, असा हा एकाच नगरीतील दुहेरी न्याय आहे. प्रहसनकारांनी त्यातील दुसरी बाजू मनसोक्त रंगविली. जगदीश्वराच्या ‘हास्यार्णवा’त वैद्याचे नावच व्याधिसिंधू असे आहे. बाराव्या शतकातील शंखधराच्या ‘लटकमेलका’त मदनमंजरीच्या घशात माशाचा काटा अडकतो. उपचारासाठी जंतुकेतू नामक वैद्य येतो. त्याचे अगाध वैद्यकज्ञान ऐकून तिला हसू अनावर होते आणि त्या हसण्यानेच काटा बाहेर पडतो! औषध व्यर्थ गेले, हास्य मात्र लागू पडले.

या परंपरेचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते ‘ग्राम चिकित्सालय’ या हिंदी मालिकेचे. तिचे पाच भागांचे पहिले पर्व ९ मे २०२५ रोजी ‘अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ’वर प्रसृत झाले. दीपककुमार मिश्र तिचे निर्माते-कल्पक असून दिग्दर्शन राहुल पांडे यांचे आहे. हिंदी मालिकेचा परामर्श मराठी नियतकालिकात का घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेला मराठी माणूस बाजारात हिंदी बोलतो आणि घरी मराठी. त्यामुळे जे हसू तो एका भाषेत ऐकतो, त्याचे मोल तो दुसऱ्या भाषेच्या मापाने नकळत करीतच असतो. हे माप येथे उघडपणे वापरावयाचे आहे, इतकेच.

ते माप हरि नारायण आपटे यांनी आपल्या हाती दिले आहे. मोलिएरच्या १६६६ सालच्या एका प्रहसनाचे रूपांतर त्यांनी १८९० मध्ये ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ या नावाने केले. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘स्वतःच्या इच्छेविरुद्ध झालेला वैद्य’ असा रूक्ष आहे. आपट्यांनी मराठी घरातील एक बोलका वाक्प्रचार उचलून त्यात सगळे कथानकच गोवले. मोलिएरचा नायक लाकूडतोड्या आहे. नवऱ्यावर सूड उगविण्यासाठी त्याची बायको वैद्याच्या शोधात निघालेल्या लोकांना सांगते की, हा थोर वैद्य आहे, पण चोप दिल्यावाचून तो ते कबूल करीत नाही. चोप बसतो, तो वैद्य होतो आणि मग लोक त्याचे काहीही ऐकू लागतात. काळीज उजवीकडे आणि यकृत डावीकडे असे त्याने सांगितले आणि कोणी शंका काढली, तर ती व्यवस्था आता बदलली आहे, असे तो बेधडक उत्तर देतो. तेही लोकांना पटते!

या सर्व प्रहसनांतील विनोदाचे बीज एकच आहे. वैद्य खोटा असतो आणि लोकांची श्रद्धा खरी असते. अंगी विद्या नसताना मिळणारा मान, हीच तेथील विसंगती होय. प्रस्तुत मालिकेने ही विसंगती उलटी केली आहे. दिल्लीतील एका मोठ्या रुग्णालयाच्या मालकाचा सुवर्णपदकप्राप्त मुलगा डॉ. प्रभात स्वेच्छेने भटकंडी या कल्पित खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. त्याच्यापाशी विद्या आहे, पदवी आहे, हेतूही शुद्ध आहे. नाही तो फक्त रोगी. केंद्राकडे जाणारी वाटच एका शेताने गिळली आहे. फुटानी हा कंपाउंडर आणि गोबिंद हा वॉर्डबॉय यांना हे केंद्र कधी काळी चालेल अशी आशाच उरलेली नाही. गाव मात्र चेतककुमार नावाच्या, पदवीवाचून वैद्यकी करणाऱ्या गृहस्थाच्या दारी गर्दी करून असते. येथे वैद्य खरा आहे आणि श्रद्धा दुसरीकडे गेली आहे. आपट्यांच्या वैद्यबुवाला मारून मुटकून वैद्य व्हावे लागले. प्रभातला मात्र कोणी वैद्य होऊ देत नाही.

ही कल्पना खरोखरच मार्मिक आहे आणि पर्वाचा पूर्वार्ध तिच्यावर चांगला पेलला आहे. याच निर्मात्यांच्या २०२० मधील ‘पंचायत’ मालिकेत खेड्यात आलेला शहरी तरुण अनिच्छेने आलेला होता. त्याची तक्रार हाच तेथील विनोदाचा झरा होता. येथे नायक ध्येयवादी आहे. कुरकुरणाऱ्याला हसणे सोपे असते, ध्येयवाद्याला हसणे अवघड. कारण हसताना आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हे प्रेक्षकाला ठरवावे लागते. अमोल पाराशर यांनी ही अवघड भूमिका संयमाने केली आहे. विनय पाठक यांचा चेतककुमार तर पर्वातील सर्वांत जिवंत पात्र होय. तो ढोंगी म्हणून रंगविलेला नाही. गावाची नाडी त्याला कळते आणि रोग्याच्या खाटेशी बसावयास त्याला वेळ असतो. शास्त्र जाणणाऱ्याला माणूस कळत नाही आणि माणूस जाणणाऱ्याला शास्त्र कळत नाही, हे द्वंद्व या दोन पात्रांच्या रूपाने उभे राहते. व्याधिसिंधूच्या कुळात इतका सहृदय वंशज क्वचितच जन्मला असेल.

भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले, आणि पहिले दोन उत्तम प्रकृतींचे मानले. आमची जुनी प्रहसने शेवटच्या दोन प्रकारांत बिनदिक्कत रमत. ही मालिका स्मित आणि हसित यांच्या मर्यादेत राहते. एका दृष्टीने हा तिचा सुसंस्कृतपणा आहे. परंतु तिचा दोषही येथेच आहे. प्रहसनाचे हास्य ग्राम्य असेल, पण ते कोणाला तरी लागत असे. मोलिएरचा रोख वैद्यांच्या पोकळ पांडित्यावर होता आणि तो कोणाच्याही ध्यानात येई. येथे रोख कोणावर आहे? रोगी नसलेले केंद्र हे एखाद्या फुटानीच्या आळसाचे फळ नव्हे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून आपल्याकडे ग्रामीण आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली गेली आहे; सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असावे, असे प्रमाणही ठरले आहे. हे प्रमाण कागदावर असताना केंद्राची वाट शेताखाली जाते, तेव्हा ती वाट कोणी जाऊ दिली, हा प्रश्न विनोदकाराने विचारावयास हवा. मालिका तो विचारता विचारता थांबते. पडकी भिंत, बंद दार, सुस्त कर्मचारी हे सारे हळूहळू खेड्याच्या गोड देखाव्याचा भाग बनतात. उणीव ही नवलाई झाली की हास्याची धार जाते.

याउलट १९८९ साली दूरदर्शनवर आलेल्या जसपाल भट्टी यांच्या ‘फ्लॉप शो’चे साधन तुटपुंजे होते; पण औषधोपचाराच्या बिलांच्या परताव्यावर हसविताना हास्याचा रोख कोठे आहे, याविषयी प्रेक्षकाला शंका राहत नसे. आपल्या रंगभूमीवर अजित दळवी यांनी ‘डॉक्टर तुम्हीसुद्धा’ लिहिताना विनोदाचा मार्ग सोडून थेट जाब विचारला. विनोदाने जाब विचारूच नये असे नाही. पण ज्याने वैद्यकाचा विषय घेतला, त्याच्या हास्याला रोग्याचे दुःख ठाऊक असले पाहिजे.

ते ठाऊक असल्याचा पुरावा मालिका शेवटी शेवटी देते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. परिचारिका इंदूचा मुलगा सुधीर मानसिक आजाराने ग्रस्त आहे. गरिमा विक्रांत सिंह यांनी उभी केलेली ही आई दिवसभर आरोग्य केंद्रात काम करते आणि स्वतःच्या घरातील आजाराला मात्र आजार म्हणावयास तिची जीभ धजत नाही. येथे चेतककुमारचा जिव्हाळा अपुरा पडतो आणि प्रभातचे शास्त्रही एकटे पुरत नाही. ज्या द्वंद्वावर आपण इतका वेळ हसलो, त्याची किंमत कोण मोजतो, हे या एका घरात दिसते. पाचही भागांतील खरा रोगी येथे भेटतो. तो प्रथमपासून कथेच्या मध्यभागी असता, तर हे पर्व हिंदी दूरचित्रमालिकांत संस्मरणीय ठरले असते. आज ते एक प्रामाणिक, पण अर्ध्या वाटेवर रेंगाळलेली कृती म्हणून ध्यानात राहील.

प्रहसन शिकविणाऱ्या अध्यापकांनी ‘लटकमेलक’, ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि हे पर्व विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या दोहोंत लोक खोट्या वैद्याला खरा मानतात, तिसऱ्यात खऱ्या वैद्याकडे पाठ फिरवितात. आणि तिन्हींत रोग्याचे काय होते, हा प्रश्न विचारता येतो. मदनमंजरीचा काटा हसण्याने निघाला, कारण हसणारी तीच होती. भटकंडीत घशात काटा गावकऱ्यांच्या आहे आणि हसतो आहोत आपण.