कित्ता आणि कुंचला

इ. स. १८८२ मध्यें जपानांत एक मोठा मार्मिक वाद झाला. पाश्चात्य पद्धतीचे चित्रकार कोयामा शोतारो यांनीं ‘अक्षरलेखन ही ललितकला नव्हे’ असें प्रतिपादन केलें. अक्षरें हीं भाषेचीं चिन्हें. त्यांचे आकार परंपरेनें ठरलेले. तेव्हां लिहिणाराच्या प्रतिभेस तेथें वाव तो किती, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांना उत्तर दिलें तें ओकाकुरा काकुझो यांनीं. पुढें हिंदुस्थानांत येऊन रवीन्द्रनाथांचे स्नेही झालेले ओकाकुरा ते हेच. त्या वेळीं त्यांस पुरतीं वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. अक्षराअक्षरांचा आणि सबंध लेखाचा तोल साधण्यास जी दृष्टि लागते ती कलावंताचीच होय, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

काळानें कौल दिला तो ओकाकुरांच्या बाजूनें. २०२१ मध्यें जपान सरकारनें ‘शोदो’ म्हणजे कुंचल्यानें अक्षरें लिहिण्याची कला हिची नोंद राष्ट्राच्या अमूर्त सांस्कृतिक ठेव्यांत केली. तथापि शोदोच्या शिक्षणक्रमाकडे पाहिलें म्हणजे कोयामांचा आक्षेप पुन्हां डोकें वर काढतो. कारण ही कला पहिल्या दिवसापासून शिकवितात ती कित्ता पुढें ठेवून. नकलेनें येणाऱ्या विद्येस कला कसें म्हणावें, ही शंका वाचकांच्या मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे.

प्रथम हा क्रम कसा असतो तें पाहूं. काजळी आणि सरस यांची घोटून केलेली शाईची कांडी आपल्याकडील सहाणेसारख्या दगडावर पाण्यांत उगाळावयाची; सुमारें ३३ सें. मी. लांब व २४ सें. मी. रुंद असा पातळ कागद लोकरीच्या कापडावर पसरावयाचा. कुंचला उभा धरावयाचा. मग आरंभ होतो तो एका आडव्या रेघेनें. जपानी भाषेंत ‘एक’ हें अक्षर म्हणजे एवढी एकच रेघ. पण तिला सुरुवात, प्रवास आणि शेवट अशीं तीन अंगें आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं कुंचल्याचा दाब निराळा असावा लागतो. पुढें रेघ थांबविणें, तिला उसळी देऊन उचलणें आणि तिला निमुळती होत सोडून देणें या तीन गोष्टी येतात. ‘चिरंतन’ या अर्थाच्या एकाच अक्षरांत आठ मूलभूत फटकारे सांपडतात, म्हणून तें अक्षर पुनः पुनः लिहून घेतात. नंतर ठाशीव लिपि, मग वाहती, मग अतिशीघ्र अशी चढण असते. जपानी मुलांस प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून कुंचला हातीं धरावाच लागतो. आवड असणारे खाजगी वर्गांत पुढें जातात. गुरु नमुना लिहून देतो, शिष्य तो पाहून लिहितो, आणि गुरु तांबड्या शाईनें दुरुस्त्या करतो.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या शाळांत कित्ता गिरवीत, म्हणजे लिहिलेल्या अक्षरावरूनच हात फिरवीत. शोदोंत नमुना शेजारीं असतो आणि कागद कोरा असतो. एकदां ओढलेली रेघ पुन्हां गिरवून सुधारण्याची मुभा नाहीं. हात कचरला तर तो कचरलेलाच दिसतो. जुन्या श्रेष्ठ लेखांच्या अभ्यासाचे तर तीन टप्पे मानतात: आधीं आकार साधावा, मग लिहिणाराचा भाव पकडावा, आणि शेवटीं नमुना दूर सारून त्याच वळणानें लिहावें. नमुना दूर सारणें हें या नकलेचें ध्येयच आहे.

वाहत्या लिपीचा आदर्श म्हणून जो लेख शतकानुशतकें अभ्यासिला जातो, त्याची कथा या दृष्टीनें उद्बोधक आहे. इ. स. ३५३ मध्यें चीनमधील वांग शीझी यानें लानतिंग येथील काव्यगोष्ठीस जोडून एक प्रस्तावना लिहिली. तिच्या ३२४ अक्षरांत एक अगदीं साधें अक्षर वीस वेळां आलें आहे, आणि प्रत्येक वेळीं त्याचें रूप निराळें आहे. मूळ कागद आज अस्तित्वांत नाहीं. उरल्या आहेत त्या नंतरच्या थांग काळांत केलेल्या नकला. म्हणजे ज्याची नक्कल करावयाची तीहि नक्कलच, आणि त्या नकलेंतहि वैविध्य जिवंत राहिलें आहे! आकार ठरलेले असल्यानें प्रतिभेस वाव नाहीं, या म्हणण्यास याहून चांगलें उत्तर कोणतें?

मग या शिक्षणक्रमांत दोष नाहींच काय? आहे, आणि तो लहान नाहीं. मात्र तो कित्त्यांत नसून पायऱ्यांच्या मोहांत आहे. अनेक शोदो-संस्था आपलीं मासिकें काढतात. त्यांत दर महिन्याचा नमुना छापलेला असतो. सभासद घरीं लिहून पाठवितात आणि पुढें त्यांची श्रेणी जाहीर होते. खालच्या श्रेणींस ‘क्यू’ आणि वरच्या श्रेणींस ‘दान’ म्हणतात. या व्यवस्थेनें दूर राहणाऱ्या माणसासहि नियमित अभ्यास घडतो, हें मान्य केलेंच पाहिजे. पण नमुना संस्थेचा, परीक्षक संस्थेचा आणि श्रेणीहि संस्थेचीच, असें झालें म्हणजे शिष्याची दृष्टि वांग शीझीवरून ढळून परीक्षकावर खिळते. अक्षरास वळण लागतें, परंतु तें दुसऱ्याच्या हाताचें. नमुना दूर सारण्याचा तिसरा टप्पा मग येतच नाहीं.

या कोंडीविरुद्ध बंडहि झालें. १९५२ मध्यें मोरिता शिर्यू, इनोउए यूइची आणि त्यांचे तीन सहकारी यांनीं ‘बोकुजिन-काइ’ हें मंडळ स्थापून शोदोस नवें वळण दिलें. परंतु मोरिता व इनोउए हे दोघेहि उएदा सोक्यू या गुरूच्या हाताखालीं शिकलेले होते. गुरूस सोडून जाण्याचें बळ त्यांस शिक्षणानेंच दिलें, असें आम्हांस वाटतें.

शोदोचा एखादा क्रम चांगला कीं वाईट हें त्यांत किती पायऱ्या आहेत यावरून ठरवूं नये. तो शिष्यापुढें अखेर काय ठेवतो, गुरूचाच हात कीं जुने श्रेष्ठ लेख, एवढेंच पाहावें. कोयामांचा आक्षेप कलेस लागू पडला नाहीं. पण जो वर्ग शिष्यास आपल्या नमुन्यापलीकडे पाहूं देत नाहीं, त्याला तो आजहि तंतोतंत लागू पडतो.