वर्गणी आणि परतीची आशा : अमेरिकेंतील हंगेरियन साहाय्यक मंडळांच्या इतिहासाची चिकित्सा

अमेरिकेंत मजुरीस गेलेल्या हंगेरियन लोकांनीं आपसांत जीं साहाय्यक मंडळें काढलीं, त्यांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकास दोन ग्रंथ वगळून चालत नाहीं. पहिला, युलियाना पुश्काश या विदुषींचा, हंगेरींतून संयुक्त संस्थानांत १८८० ते १९१४ या काळांत झालेल्या स्थलांतरावरील ग्रंथ. हा १९८२ सालीं बुडापेस्ट येथें निघाला. दुसरा, डेव्हिड बीटो यांचा, १८९० ते १९६७ या काळांतील अमेरिकन बंधुमंडळांवरील ग्रंथ. हा २००० सालीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानें प्रसिद्ध केला. पहिल्याचें लक्ष माणसांच्या जाण्यायेण्यावर, दुसऱ्याचें त्यांच्या सामायिक पेटीवर. दोन्ही ग्रंथ आपापल्या जागीं उत्तम आहेत. परंतु ते शेजारीं ठेवून वाचल्याखेरीज हंगेरियन मंडळांच्या द्रव्यव्यवहाराचें मर्म उलगडत नाहीं, हें प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील हेझल्टन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं १८८६ च्या फेब्रुवारींत तेरा हंगेरियन खाणकामगारांनीं एक साहाय्यक मंडळ स्थापिलें, व मायदेशांतील लोकप्रतिनिधि व पत्रकार ड्यूला व्हेर्होवाय याचें नांव त्यास दिलें. १८९६ सालीं न्यू जर्सींतील ट्रेन्टन येथें हंगेरियन रिफॉर्म्ड पंथीयांनीं आपला निराळा संघ उभारला. १९०७ सालीं त्यास काँग्रेसच्या कायद्यानें सनद मिळाली. अशा मंडळांच्या शाखा गांवोगांवीं असत. शाखेस हंगेरियन भाषेंत ‘फिओक’ म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ मेजाचा खण असा आहे.

हीं मंडळें हौसेनें निघालीं नाहींत. खाणींत मनुष्य मेला तर त्याच्या विधवेस मालकाकडून भरपाई मिळविणें त्या काळीं अतिशय कठीण होतें. सोबतच्या कामगाराची चूक होती असें दाखवून मालक सुटे; मृतानें धोका जाणूनच काम पत्करलें होतें असें म्हणूनहि सुटे. पेन्सिल्व्हेनियांत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९१५ सालीं झाला व तो १९१६ च्या आरंभापासून अंमलांत आला. त्यापूर्वींची स्थिति समजण्यास एकच उदाहरण पुरे आहे. १९ डिसेंबर १९०७ रोजीं त्याच संस्थानांतील डार खाणींत स्फोट होऊन २३९ माणसें मेलीं. त्यांत हंगेरीहून आलेल्यांचा भरणा मोठा होता. अशा प्रसंगीं हक्कानें मागतां येईल अशी रक्कम बहुधा मंडळाच्याच पेटींत असे.

मंडळाचें सामाजिक जीवन व त्याचा जमाखर्च हीं दोन निराळीं प्रकरणें मानण्याची चाल आहे, ती सोडली पाहिजे. आजारी सभासदाकडे भेटीस जाणारे नेमलेले असत. ते रोग्यास सोबत करीत आणि तो खरोखर आजारी आहे कीं नाहीं हेंहि पाहत. सभासदाच्या छातीवरील बिल्ला दुहेरी असे. उत्सवांत रंगीत बाजू वर, प्रेतयात्रेंत काळी बाजू वर. ठरलेल्या अंत्ययात्रेस न जाणाऱ्यास दंड होई. शरद ऋतूंत द्राक्षांच्या सुगीचा नाच भरे. त्यांत छतास द्राक्षांचे घोस टांगीत, कोणी घोस तोडला कीं रखवालदाराचें सोंग घेतलेला गडी त्यास पकडून दंड करी, आणि तो दंड यजमान संस्थेच्या गंगाजळींत पडे. सारांश, भेट, शोक व नाच या तिहींची नोंद अखेर एकाच खतावणींत होई. जो केवळ उत्सवांचें वर्णन करतो त्यास मंडळ अर्धेंच दिसतें, आणि जो केवळ बाकीची रक्कम पाहतो त्यासहि अर्धेंच.

आतां बीटो यांचा सिद्धांत. या मंडळांची मदत म्हणजे दानधर्म नव्हे, तो परस्परभाव होय. आज घेणारा उद्यां देणारा असतो, म्हणून घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं, असें ते प्रतिपादितात. हें मत मान्य होण्यासारखें आहे, व सुगीच्या दंडापासून प्रेतयात्रेच्या दंडापर्यंत वरील सर्व व्यवहार त्यास पुष्टि देतो. परंतु त्यांच्या ग्रंथांत हंगेरियन मंडळांस स्वतंत्र प्रकरण नाहीं. भर आहे तो मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांच्या संघांवर. त्यामुळें ‘उद्यां देणारा’ हा उद्यां त्याच देशांत असेल कां, हा प्रश्न तेथें उपस्थित होत नाहीं. हंगेरियनांच्या बाबतींत मुख्य प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न पैशाशीं कसा भिडतो तें पाहावें. बंधुमंडळांची आरंभीची सामान्य रीत अशी कीं, सभासद मेला म्हणजे उरलेल्या प्रत्येकानें सारखीच पट्टी द्यावयाची. १८६८ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील मीडव्हिल येथें अपचर्च यानें काढलेल्या कामगारसंघानें ही डॉलराची पट्टी रूढ केली. समजण्यासाठीं एक कल्पित हिशेब घेऊं. सभासद हजार, मृत्यूची रक्कम हजार डॉलर, पट्टी दर मृत्यूस एक डॉलर. वर्षांत आठ मेले तर प्रत्येकास आठ डॉलर पडतात. मंडळ वयानें वाढलें व सोळा मरूं लागले, तर सोळा पडतात. पंचविशींतील गडी मग विचार करतो कीं, नव्या मंडळांत आठांत भागत असतां येथें सोळा कां द्यावे? तो जातो, उरतात ते वृद्ध, आणि पट्टी आणखी चढते. नवे तरुण सतत येत राहतील तोंवरच ही रीत टिकते.

येथें पुश्काशबाईंच्या ग्रंथाचें साहाय्य होतें. निघालेल्यांपैकीं बहुतेकांचा हेतु कांहीं वर्षें राबून, पैसा गांठीं बांधून, गांवीं परतून जमीन घेण्याचा होता, आणि पुष्कळ जण परतलेहि, हें त्यांनीं चांगलें दाखविलें आहे. ज्यास चार-पांच वर्षांत परतावयाचें आहे, त्यानें साठीच्या वयासाठीं राखीव निधि कां भरावा? त्यास हवी ती आजारांतील मदत व परक्या भूमींत रीतसर मूठमाती. म्हणून अल्प वर्गणी व सारखी पट्टी ही त्याच्या दृष्टीनें बेफिकिरी नसून हिशेबी शहाणपण होतें, असें अनुमान मीं करतों. वर्गणीचा दर हा परतीच्या आशेचें माप होता.

यावर असा पूर्वपक्ष निघेल कीं, सारखी पट्टी तर इंग्रजी संघांतहि होती. त्यांस कोठें परतावयाचें होतें? आक्षेप योग्य आहे, व त्यामुळें परतीची आशा हें त्या रीतीचें एकमेव कारण ठरत नाहीं. मृत्युगणिताचें अज्ञान दोघांसहि समान होतें. परंतु इंग्रजी संघास नवा तरुण शेजारच्या घरांतून मिळे, हंगेरियन मंडळास तो मुख्यतः जहाजांतून मिळे. १९१४ सालीं युद्धानें तो मार्ग तोडला. १९२० च्या त्रियानों तहानें कित्येकांचीं जन्मगांवें हंगेरीबाहेर गेलीं. १९२१ व १९२४ च्या अमेरिकन कायद्यांनीं नव्यांचें येणें अत्यल्प झालें. जे तात्पुरते आले होते ते कायमचे झाले, आणि एकत्र म्हातारे होऊं लागले.

याच सुमारास कायद्याचा रेटाहि आला. १९१० सालीं मोबाइल येथें विमा-अधिकारी व बंधुमंडळें यांनीं ठरविलेल्या नमुना-कायद्यानें, व १९१२ सालच्या त्याच्या सुधारलेल्या मसुद्यानें, देण्याघेण्याचें नियमित मूल्यमापन मागितलें. वयानुरूप दर हा त्यावरील उपाय. पण ज्यानें वीस वर्षें प्रत्येक मृताची पट्टी निमूट भरली, त्यास त्याचें वय झालें म्हणून अधिक भरावयास सांगणें हें बंधुत्वास धरून आहे काय? आणि न सांगावें तर त्याच्या विधवेस द्यावयास पेटींत कांहीं उरेल काय? दोन्ही बाजूंस न्याय होता. पुढें १९५५ सालीं व्हेर्होवाय मंडळ ब्रिजपोर्टच्या राकोत्सी मंडळाशीं एकत्र होऊन विल्यम पेन या नांवानें चालूं लागलें. हंगेरियन नांवाच्या जागीं पेन्सिल्व्हेनियाच्या संस्थापकाचें नांव आलें, यांत परतीचा प्रश्न मिटल्याची कबुलीच दिसते.

या वादाचा निर्णय स्मरणग्रंथांवरून व्हावयाचा नाहीं. वर्धापनदिनास काढलेला ग्रंथ हा बखरीच्या जातीचा. त्याचें काम गौरव करणें. बखरीपेक्षां अस्सल कागदास मान द्यावा, हा राजवाड्यांनीं १८९८ पासून आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून घालून दिलेला दंडक येथेंहि लागू आहे. प्रवेशाच्या वेळचें वय नोंदविणारीं पटपुस्तकें, दर मृत्यूच्या पट्टीच्या याद्या, एका शाखेंतून दुसरींत गेल्याचे दाखले, आणि परत गेलेल्यांच्या नांवापुढील शेरे, हीं त्याचीं साधनें होत. परत जाणारे व राहणारे यांनीं दरवाढीवर सारखेंच मत दिलें असें त्यांतून निघाल्यास वरील अनुमान सोडावें लागेल. मिनेसोटा विद्यापीठांत १९६५ सालीं स्थापन झालेल्या स्थलांतर-इतिहास केंद्रानें अशा प्रकारचे कागद जमविले, हें मोठें काम आहे. परंतु हे कागद हंगेरियन हस्ताक्षरांत आहेत, आणि तिसऱ्या पिढीस बहुधा ती भाषा वाचतां येत नाहीं. मोडी न जाणणाऱ्या वंशजांच्या माळ्यावर रुमालांची काय गत होते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. खर्चाची वही रद्दींत घालून रंगीत बिल्ला तेवढा जपून ठेवणारा संग्राहक इतिहासाची अधिक मोलाची वस्तु गमावतो.